उपशीर्षक : तेलाची बाटली देण्यापूर्वी

बाळ चार दिवसांचे. डोक्याच्या उजव्या बाजूस लिंबाएवढा मऊ फुगवटा. आजी विचारतात, “वैद्यबुवा, कोणते तेल चोळू?” हा प्रश्न आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. औषधालयात तर त्याचे उत्तर पुष्कळदा बाळ न पाहताच दिले जाते, म्हणून आम्हांस थोडे स्पष्ट लिहावेसे वाटते.

अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात वाग्भटाचार्यांनी उपशीर्षक वर्णिला आहे : दुष्ट वायूमुळे गर्भस्थासही होणारा, त्वचेच्याच वर्णाचा, वेदनारहित शोफ. नवीन असता वातव्याधिक्रिया व पाक झाल्यास विद्रधीची चिकित्सा, असा आचार्यांचा आदेश आहे. वातव्याधिक्रिया म्हणजे अभ्यंग, म्हणजे मर्दन, अशी सोयीची साखळी आपल्यापैकी काहीजण जोडतात. ती आम्हांस मान्य नाही. सुश्रुताचार्यांनी नवजाताच्या मूर्ध्नावर घृताचा पिचू ठेवावयास सांगितले आहे, चोळावयास नव्हे.

शिवाय या एका नावाखाली आज तीन निरनिराळ्या अवस्था येऊ शकतात. जन्मतःच दिसणारी, दाबल्यास खळगा पडणारी व कपालसंधी ओलांडणारी सूज, म्हणजे कॅपट, काही दिवसांत आपोआप ओसरते. सेफलहिमॅटोमात अस्थ्यावरणाखाली रक्त साचते. तो जन्मानंतर काही तासांनी उठून दिसतो, संधिरेषेपाशी थांबतो आणि जिरण्यास कित्येक आठवडे, क्वचित तीन महिनेही घेतो. त्याची कडा कठीण लागते, त्यामुळे मधले हाड खचले असा भास होतो. येथे चिकित्सकाचे कौशल्य हात आवरण्यात आहे. सुईने रक्त काढू नये. त्यातून जंतुसंसर्ग आत शिरतो. साचलेले रक्त जिरताना कामला वाढू शकते, म्हणून बाळाच्या डोळ्यांवर व तळव्यांवर लक्ष ठेवावे आणि पिवळेपणा वाढल्यास बिलिरुबिन तपासून घ्यावे. सूज लाल, उष्ण झाली वा ज्वर आला तर बालरोगतज्ज्ञांकडे पाठविण्यास विलंब नको.

तिसरी अवस्था सबगॅलियल रक्तस्रावाची. ही विशेषतः व्हॅक्यूम लावून केलेल्या प्रसूतीनंतर उद्भवते. सूज संधी जुमानत नाही, कानामागे व मानेकडे उतरते, हातास पाण्याच्या पिशवीसारखी लागते. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सुमारे अडीचशे मिलिलिटर रक्त असते, आणि त्याचा मोठा भाग या पोकळीत सामावू शकतो. बाळ फिकट पडले, सुस्तावले, तर लेपाचा विचारही करू नये, रुग्णवाहिका बोलवावी.

औषधालयचालक बंधूंना आमची विनंती एवढीच, की तेल मागणाऱ्यास आधी विचारावे : प्रसूती कशी झाली, सूज केव्हा दिसली, वाढते आहे काय, बाळ दूध नीट ओढते काय? आणि मालीश करणाऱ्या बाईस, डोके गोल करण्याच्या हौसेने फुगवटा दाबू नये, असा निरोप धाडावा.

त्या आजींना आम्ही तेल दिले नाही. त्या काहीशा रागावूनच गेल्या. दीड महिन्याने बाळाला घेऊन पुन्हा आल्या तेव्हा फुगवटा सुपारीएवढा उरला होता.