लूपमधलं पाणी आणि वॉरंटीचा कागद

मे संपला. अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या टेबलावर या महिन्यात जमलेली बहुतेक पत्रं एकाच तक्रारीची आहेत. लिक्विड कूलिंग बसवलेला पीसी उन्हाळ्यात बसला आणि वॉरंटी नाकारली गेली.

पीसी जोडून विकणाऱ्या अकोल्याच्या एका सभासदाचा अनुभव सविस्तर सांगतो, कारण बाकीच्या पत्रांत तोच थोड्या फरकाने आला आहे. ग्राहक लग्नाचे अल्बम करणारा. ऐन लग्नसराईत २४० एमएमच्या एआयओचा, म्हणजे तयार सीलबंद लिक्विड कूलरचा, पंप घरघरायला लागला आणि प्रोसेसर ९५ अंशांवर जाऊन थ्रॉटल होऊ लागला. वॉरंटी तीन वर्षांची, वापर दुसऱ्या वर्षातला. कंपनीचं केंद्र वऱ्हाडात नाही, म्हणून माल कुरिअरने पाठवायला सांगितलं. कुरिअरवाल्याने खोका हलवून पाहिला आणि आत द्रव आहे, घेता येणार नाही म्हणाला. कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं की द्रव काढलात तर सील तुटेल आणि सील तुटलं की वॉरंटी संपली. म्हणजे द्रवासकट जात नाही आणि द्रवाशिवाय चालत नाही. शेवटी हा सभासद दुकान बंद ठेवून, तो खोका मांडीवर घेऊन एसटीने नागपूरला गेला. तिथे खिडकीवर त्याला विचारलं गेलं की उपकरण ४० अंशांपेक्षा जास्त तापमानाच्या खोलीत चालवलं नाही, याचा पुरावा काय?

अकोल्याच्या माणसाला मे महिन्यात हा प्रश्न! २०२४ च्या मेअखेरीस अकोल्यात पारा ४५ च्या पुढे गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी उष्णतेपायी ३१ मेपर्यंत जिल्ह्यात कलम १४४ लावलं होतं. दुपारचे शिकवणी वर्ग बंद ठेवायला लागले. जिथे ऊन हा सरकारी आदेशाचा विषय होतो, तिथे माल विकताना कुणी ग्राहकाला ४० अंशांची अट सांगितली नव्हती. खोक्यावर ती नव्हती, बिलावर नव्हती. दुरुस्तीच्या खिडकीवर मात्र ती उभी राहिली. वऱ्हाडात वर्षातले दोन महिने जी अट पाळताच येत नाही, तिच्यासकट इथे माल विकायचा असेल तर ती विक्रीच्या वेळीच ठळक सांगितली पाहिजे. न सांगितलेली अट दाखवून दुरुस्ती नाकारणं ही ग्राहकाची फसवणूक आहे, आणि आपण तिला तशीच म्हटलं पाहिजे.

उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. नागपूर-मुंबईला जायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. मुदत दोन वर्षांची. घरबसल्या ई-जागृती या सरकारी पोर्टलवर दाखल करता येते, त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करता येते. पुनर्विक्रीसाठी माल घेणारा मात्र या कायद्याने ग्राहक ठरत नाही. तेव्हा तक्रार दुकानदाराने नव्हे, वापरणाऱ्याने करायची. अल्बमवाला, डीटीपीवाला, स्वतःच्या पोटासाठी एकट्याने मशीन चालवणारा माणूस यात बसतो.

आणि इथेच आपल्यातल्या बऱ्याच जणांचा पाय अडकतो. एआयओ डिस्ट्रिब्युटरकडून दुकानाच्या नावावर घ्यायचा आणि ग्राहकाला चिठ्ठी द्यायची ‘असेंबल्ड पीसी, १ नग’. ना मॉडेल, ना सीरियल नंबर. त्या चिठ्ठीवर ग्राहक आयोगापुढे काय सिद्ध करणार? गेली कित्येक वर्षं आम्ही हे लिहितो आहोत. प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर बिलावर लिहायला पाच मिनिटं लागतात. तेवढी ज्यांना देता येत नाहीत, त्यांनी वॉरंटीची तक्रार आमच्याकडे पाठवू नये.

दुसरी गोष्ट याहून कडू आहे. नाकारलेल्या मालापैकी काही आम्ही उघडून पाहिला. आत नळाचं पाणी होतं. पंप कोरडा वाजतो म्हणून कुणीतरी फिलिंग स्क्रू काढून वरून पाणी भरलं होतं. स्वस्त एआयओचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि कोल्डप्लेट तांब्याची असते. हे दोन धातू एकाच पाण्यात नांदतात ते फक्त कंपनीने घातलेल्या इनहिबिटरमुळे. त्यात क्षार गेले की ॲल्युमिनियम झिजायला लागतं, पांढरा गाळ धरतो आणि कोल्डप्लेटच्या बारीक फटी बुजतात. पुढे पंप अडकतो आणि ग्राहक म्हणतो, कंपनीचा माल खराब निघाला. अशा वेळी कंपनीने नाही म्हटलं तर ती बरोबर असते, आणि त्या एका केसच्या जोरावर पुढच्या दहा खऱ्या तक्रारीही नाकारल्या जातात.

आपल्याकडचं पाणी कसलं आहे हे सभासदांना सांगायला नको. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा दर्यापूर, भातकुलीपासून अकोट, तेल्हारा, शेगावपर्यंत पसरला आहे, आणि तिथल्या विहिरीचं, बोअरचं पाणी पिकालाही चालत नाही. अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचं आणि अकोल्याला काटेपूर्णेचं पाणी येतं, ते प्यायला ठीक, लूपमध्ये, म्हणजे कूलरच्या बंद पाण्याच्या वाटेत, घालायला नाही. घरच्या आरओचंही नाही, त्यात क्षार उरतातच. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल वॉटर घ्या, पण कॅनवरच्या छापील शब्दावर विसंबू नका. काही कॅनमध्ये नुसतं आरओचंच पाणी असतं. टीडीएस मीटर लावा, आकडा पाचाच्या वर गेला की कॅन परत करा. मीटरची किंमत एका थर्मल पेस्टच्या ट्यूबएवढी असते.

आता कमी पैशात लूप बांधणाऱ्या पोरांविषयी. त्यांची चिकाटी आम्हाला मनापासून आवडते. भंगारातल्या गाडीचा हीटर कोअर आणून रेडिएटर करणारे अमरावतीत आहेत. त्यांनी कोअरला आधी कानस लावून पाहावी. पिवळा-लाल धातू निघाला तर तांब्याच्या ब्लॉकबरोबर चालेल. पांढरा निघाला तर ब्लॉकही ॲल्युमिनियमचाच घ्या आणि साध्या पाण्याऐवजी गाडीचं इनहिबिटरवालं कूलंट घाला. सगळं तांबं किंवा सगळं ॲल्युमिनियम. यात तडजोड नको.

मोठ्या पंपावर पैसे घालवू नका. मिनिटाला एक लिटर पाणी फिरलं तरी ७० वॅट उष्णतेने ते जेमतेम एक अंश वाढतं. १४० वॅटच्या प्रोसेसरला तेवढा प्रवाह पुरतो. पैसा रेडिएटरच्या क्षेत्रफळात घाला. आणि रेडिएटर कितीही मोठा घेतला तरी पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होत नाही, हे ग्राहकाला आधी सांगा. खोली ४२ वर असेल तर पाणी पन्नाशीला टेकणारच. म्हणून ६५ वॅटच्या प्रोसेसरला पाणी विकूच नका. दोन-अडीच हजारांचा चांगला टॉवर कूलर, बायोसमध्ये थोडं अंडरव्होल्ट आणि केसमधून हवेला सरळ वाट, एवढ्यात ते मशीन मे काढतं. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्म महासंगणकाला थेट द्रवाने थंड करतात, कारण तिथे एकेका रॅकमध्ये दाटीने प्रोसेसर भरलेले आहेत. अल्बमवाल्याच्या टेबलाखाली ती परिस्थिती नसते.

खरी वऱ्हाडी युक्ती वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल तीन पत्रं आली आहेत: एसीची जुनी तांब्याची नळी गुंडाळून ती डेझर्ट कूलरच्या टाकीत बुडवायची. कल्पना पक्की आहे. हवा ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर वाळ्यातून पडणारं पाणी २४ अंशांच्या आसपास उतरू शकतं. टाकीत ते त्याहून थोडं गरम असेल, तरी खोलीच्या हवेपेक्षा पुष्कळ थंड. टाकीतलं खारं पाणी नळीच्या बाहेरच राहतं, आतल्या बंद लूपमध्ये शिरत नाही. वर चढलेला क्षार सायट्रिक ॲसिडने निघतो. बाष्पीभवनाने गार झालेलं पाणी दवबिंदूखाली जात नाही, त्यामुळे ब्लॉकवर घाम धरण्याची भीतीही नाही. मात्र टाकीत बर्फ टाकलात तर हा हिशेब मोडतो, आणि मदरबोर्डवर थेंब उतरतात.

पण ज्यांनी हे केलं आहे, त्यांनी अंक खाली ठेवून आधी कूलरची पिन पाहावी. दोन पिनांची असेल तर आजच ते बंद करा. त्याच टाकीत २३० व्होल्टचा बुडता पंप आहे. त्याचं इन्सुलेशन गेलं तर टाकी, तांब्याची नळी आणि तिच्या वाटेने पीसीची केस, सगळ्यांत करंट उतरतो. कूलरच्या शॉकने माणसं जातात हे आपल्या भागात दर उन्हाळ्याला ऐकू येतं. त्यात आपल्या हाताने बांधलेल्या लूपची भर पडू नये. तीन पिना, खरं अर्थिंग आणि लाइनवर ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी. लूपचा पंप १२ व्होल्ट डीसीचा, पीसीच्याच एसएमपीएसवर चालणारा. हे सगळं बसवायची ग्राहकाची तयारी नसेल तर काम घेऊ नका, पैसे कितीही देवो.

सभासदांकडे आमची मागणी आहे. ज्यांचा लिक्विड कूलर या उन्हाळ्यात ४० अंशांच्या अटीवर किंवा कुरिअरच्या कारणावर नाकारला गेला, त्यांनी नकार लेखी घ्यावा. तोंडी नाही, ईमेलवर किंवा जॉबशीटवर. त्याची प्रत, सीरियल नंबर असलेलं बिल आणि उघडण्याआधीच्या सीलचा फोटो राजापेठच्या पत्त्यावर पाठवावा. वरून पाणी भरलेलं असेल तर तेही खरं लिहावं. अशी प्रकरणं आम्ही बाजूला ठेवू आणि उरलेल्या ग्राहकांच्या तक्रारी अमरावती आणि अकोल्याच्या जिल्हा आयोगांत त्यांच्या नावाने दाखल करायला मदत करू. अर्जाचा मसुदा पुढच्या अंकात छापतो आहोत.