लशीच्या रांगेत आजी कोठे?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी आई धुळे जिल्ह्यातील आमच्या खेड्यात राहते. पावसाळ्याच्या तोंडी ती फ्लूची मोफत लस घेण्यासाठी दवाखान्यात गेली. "मधुमेह आहे का? रक्तदाब आहे का?" "नाही." मग लसही नाही! सत्तरी ओलांडलेली आई जळगावला आली आणि मला म्हणाली, "मना नंबर कव्हय?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर सोपे नाही.

२००९ साली स्वाइन फ्लू भारतात आला. त्याचा देशातील पहिला बळी पुण्याची एक शाळकरी मुलगी होती. २०१५ साली त्याने पुन्हा उचल खाल्ली आणि देशात सुमारे ३,००० माणसे दगावली. केंद्राच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात फ्लूची लस नाही. तरीही त्या वर्षी महाराष्ट्र शासनाने ती मोफत देण्यास सुरुवात केली. लाभार्थी ठरले ते चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर स्त्रिया, मधुमेहाचे व रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी.

ही निवड योग्यच होती. सहा महिन्यांखालील बाळाला ही लस देता येत नाही. पण आईने घेतली तर तिच्या रक्तातील प्रतिपिंडे बाळाला जन्माआधीच मिळतात. एका सुईत दोन जीवांचे रक्षण! मात्र जागतिक आरोग्य संघटना वृद्ध, पाच वर्षांखालील मुले आणि दम्यासारख्या जुन्या विकारांचे रुग्ण यांनाही धोक्याच्या गटात धरते. आमच्या यादीत त्यांना जागा नव्हती.

कोणी म्हणेल, साठा थोडा, माणसे फार. शिवाय फ्लूचा विषाणू सतत रूप पालटतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. आणि विषाणूशी तिची जुळणी चांगली असली तरी ती साधारण ४० ते ६० टक्केच संरक्षण देते. हे सारे खरे आहे. पण साखळी किती वजन पेलेल हे तिच्या सर्वांत कच्च्या कडीवरून ठरते, हे तुम्ही जाणता. साठा थोडा असेल, तर कच्ची कडी अधिकच काळजीपूर्वक शोधली पाहिजे. ऐपत असलेला खाजगी दवाखान्यात हजारावर रुपये देऊन लस घेईल. कापूस वेचून पोट भरणाऱ्या म्हातारीने काय करावे? म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की वय आणि दमा हे दोन निकष मोफत यादीत असलेच पाहिजेत.

आणि यादीत असूनही ज्यांना ते ठाऊकच नाही, त्यांचे काय? येथे तुमचे काम सुरू होते. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात आणि आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो. तेव्हा मे महिन्यातच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. लस आली आहे का, ती कोणाला मिळते, हे विचारा आणि घरी, गल्लीत सांगा. यादीत आजी नसेल, तर "का नाही?" हेही विचारा. प्रश्न विचारणे हा विज्ञानाचा पहिला धडा आहे.