घासाबरोबरची गोळी

आठवड्यातले तीन दिवस माझे डायलिसिसचे. अर्जुनी मोरगावहून गाडीने गोंदियाला जायचं, चार तास मशीनला लागून पडून राहायचं आणि थकून परत यायचं. चार वर्षं झाली, आता सवय झालीय. वॉर्डात आम्ही एकमेकांना दोनच गोष्टी विचारतो. क्रिएटिनिन किती आणि पाणी किती काढलं? फॉस्फरस किती, पीटीएच किती, हे कोणी विचारत नाही. मीही विचारत नव्हतो.

मग अंगाला खाज सुटली. रात्र रात्र झोप नाही. पुढे पायाची हाडं दुखायला लागली. वाटलं, वय झालं. नागपूरला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी पीटीएच करायला सांगितलं. निरोगी माणसात ते साधारण ६५ च्या आत असतं, माझं निघालं ११८०. गावात बातमी पसरली, "गुरुजींना थायरॉइड झाला जी!"

थायरॉइडशी याचा संबंध फक्त शेजाराचा. त्याच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, त्या पॅराथायरॉइड. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे त्यांचं काम. किडनी गेली की फॉस्फरस साचतो, ड जीवनसत्त्व कामाचं होत नाही, कॅल्शियम उतरतं. मग या ग्रंथी सारखं हार्मोन सोडत राहतात आणि हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात आणतात. घरखर्च भागवायला घराच्याच विटा विकाव्यात ना, तसं. वर हेच कॅल्शियम रक्तवाहिन्यांत जाऊन बसतं ते वेगळंच.

मशीन सगळं पाहून घेतं, असा माझा समज होता. पण निरोगी किडनी आठवड्याचे १६८ तास राबते, मशीन १२ तास. तेवढ्यात फॉस्फरस पुरेसा निघत नाही. म्हणून जेवणातला फॉस्फरस पोटातच अडवणाऱ्या गोळ्या देतात. मलाही दिल्या होत्या. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'दिवसातून तीन'. मी सकाळी उपाशीपोटी, दुपारी चहाच्या वेळी आणि झोपताना गिळायचो. आठ महिने! पोटात अन्नच नसेल तर गोळी अडवणार काय? पाणी कमी प्या, हे मला शंभरदा सांगितलं गेलं. गोळी घासाबरोबर घ्या, हे एकदाही नाही. आणि मास्तर असून मीही विचारलं नाही.

२०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. जिल्ह्याच्या ठिकाणी गरिबाला मशीन मिळणं ही मोठीच गोष्ट आहे. पण डायलिसिस म्हणजे फक्त मशीन नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे. कॅल्शियम-फॉस्फरस एक ते तीन महिन्यांनी आणि पीटीएच तीन ते सहा महिन्यांनी तपासावं, असं किडनीतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मला ही तपासणी आणि गोळ्या खिशातूनच कराव्या लागल्या. माझी पेन्शन आहे. पलीकडच्या खाटेवरचा शेतमजूर काय करेल? तो आधी हेच सोडेल. डायलिसिस चुकलं तर दोन दिवसांत धाप लागते, गोळी चुकली तर लगेच काहीच होत नाही. ग्रंथी वाढत राहतात आणि एक दिवस औषधांना दाद देईनाशा होतात. मग गळ्याचं ऑपरेशन. म्हणून ही तपासणी आणि या गोळ्या डायलिसिसबरोबरच मिळायला हव्यात, आणि त्या कशा घ्यायच्या हे सांगणारं माणूसही.

त्याच शेतमजुराने कोणाचं तरी ऐकून वरण आणि नवेगाव बांधचे मासे बंद केले होते. पाहुण्यांकडे गेला की काळा थंडा मात्र प्यायचा! त्या थंड्यातला फॉस्फरस जवळपास सगळा अंगात शोषला जातो, डाळीतला त्या मानाने कमी. डायलिसिसवाल्याला प्रथिनं तर लागतातच. वरण-मासे किती खायचे हे डॉक्टरांना विचार, पण थंडा आजच सोड, असं त्याला सांगितलं.

गोळी नीट घेऊ लागल्यावर आणि डॉक्टरांनी औषध बदलल्यावर माझं पीटीएच ६४० वर आलंय. खाज बरीच कमी आहे. हाडं अजून कुरकुरतात. असो.

तुमच्या घरी कोणी डायलिसिसवर असेल, तर आज जेवताना त्यांच्या ताटाशेजारी गोळी आहे का, एवढं बघा.