मुलगी कुठून आली, हेही मोजा



दरवर्षी बारावीचा निकाल लागला की ‘यंदाही मुलींचीच बाजी’ ही बातमी ठरलेली. आपल्यालाही आनंद होतो. पण त्यातल्या किती जणी पुढे कॉलेजात गेल्या आणि त्या कोणत्या गावच्या, कोणत्या वस्तीतल्या होत्या, हे कोणी छापत नाही.

केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये मुलींचं प्रमाण २८.५ टक्के होतं, मुलांचं २८.३. म्हणजे आपण पुढे! पण या सर्वेक्षणात विद्यार्थी मोजले जातात ते संस्थेच्या ठिकाणी. एटापल्लीची मुलगी नागपुरात शिकली की ती नागपूरच्या खात्यात जमा. शहराचा आकडा फुगतो आणि जिथून एकही मुलगी आली नाही ते गाव दिसतच नाही.

खरं तर प्रवेश अर्जावर प्रत्येकीचा कायमचा पत्ता असतो. ब्रिटनमध्ये अशा पत्त्यांवरून कोणत्या भागातली किती तरुण मुलं विद्यापीठात पोचतात ते काढतात आणि मागे पडलेल्या भागांकडे लक्ष देतात. आपल्याकडे तालुक्यातून बारावी पास झालेल्या मुली आणि त्याच तालुक्याचा पत्ता लावून पदवीला आलेल्या मुली, हे दोन आकडे शेजारी ठेवले तरी पुरे. २०२१ ची जनगणना झाली नाही, म्हणून अडायचं कारण नाही.

हा हिशेब का हवा? एसटीचा मोफत पास मुलींना बारावीपर्यंत मिळतो. गळती नेमकी त्यानंतर होते का? २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क अनेक मुलींना माफ झालं. पण खोलीभाडं कोण देणार? १९४२ साली नागपुरातच भरलेल्या अखिल भारतीय दलित महिला परिषदेने सरकारी खर्चाने मुलींची वसतिगृहं मागितली होती. ती कुठे हवीत, हे पत्ते सांगतील.

मात्र सावध राहायला हवं. एकाच पिनकोडात बंगलेही असतात आणि झोपडपट्टीही. तेव्हा शहरात वस्तीनिहाय मोजणी हवी. लग्नानंतर मुलीचा पत्ता बदलतो. तेव्हा बारावीची शाळाही नोंदवायला हवी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नावं नकोत, घर नंबर नकोत. मनाविरुद्धचं लग्न टाळून किंवा जातीबाहेर लग्न करून शिकणाऱ्या मुलीचा पत्ता चुकीच्या हाती पडला, तर तिच्या जिवावर बेतेल. एखाद्या गावातून दोनच मुली आल्या असतील, तर तो आकडाही त्यांच्याकडे बोट दाखवतो. अशी गावं एकत्र करूनच आकडे जाहीर व्हावेत.

माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. आपापल्या गटाने जवळच्या कॉलेजकडे एवढंच मागावं : नावं वगळून, गावनिहाय किती मुलींनी प्रवेश घेतला आणि किती जणी शेवटच्या वर्षापर्यंत टिकल्या. ज्या गावापुढे शून्य दिसेल, तिथे आपण आधी जायचं आहे.