बाळ कुठलं म्हणायचं?

गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपली आणि एक माउली आमच्याजवळ येऊन बसली. रविवारी आम्ही लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रे लिहून देतो, पण तिच्या हातात कागद नव्हता. मुलगी अमेरिकेत, जावई कंपनीच्या व्हिसावर, मुलीला सातवा महिना. "भाऊ, तिकडचं सरकार म्हणे आता असल्या बाळाला आपलं मानायचं नाही म्हणतं. मग बाळ कुठलं म्हणायचं?"

वाचकहो, या प्रश्नाचे मूळ गुलामगिरीत आहे. १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, आफ्रिकी वंशाचा माणूस, गुलाम असो वा मुक्त, त्या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत राबलेल्यांना हे ऐकावे लागले! पुढे यादवी युद्ध झाले आणि १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने तो निकाल पुसला. जो तेथे जन्मला व तेथील कायद्याच्या अंमलाखाली आहे, तो नागरिक. १८९८ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्क या चिनी आईबापांच्या मुलालाही न्यायालयाने नागरिक ठरवले. गंमत अशी की, त्याच्या आईबापांना मात्र कायद्याने नागरिक होता येत नव्हते.

हाच नियम २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एका आदेशाने आवळला. आई बेकायदा किंवा तात्पुरत्या परवान्यावर आणि बापही नागरिक वा कायम रहिवासी नसेल, तर यापुढे जन्मणारे मूल नागरिक मानायचे नाही. खालच्या न्यायालयांनी आदेश अडवला आणि डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रश्न सुनावणीस घेतला.

आमचा या चौदाव्या दुरुस्तीशी संबंध जुना आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात मूलभूत हक्कांची यादी दिली. तिचे पहिलेच कलम असे की, या भूमीत जन्मलेला प्रत्येक जण नागरिक. आणि लगेच त्याच कलमात, जन्म, घराणे, धर्म, रूढी यांवरून मिळणारे विशेषाधिकार व लादलेली बंधने रद्द. जन्माने हक्क द्यायचा, पण जन्मावरून उच्चनीच ठरवायचे नाही! ज्यांना जन्मावरूनच गावकुसाबाहेर ठेवले, त्यांना यातले मर्म सांगावे लागत नाही.

आपल्याकडेही दार हळूहळू लोटले गेले, हे सांगितले पाहिजे. १९५५ च्या कायद्याने येथे जन्म झाला की बहुतेकांना नागरिकत्व मिळे. १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक तरी भारतीय हवा झाला, आणि ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा बेकायदा आलेला नको, ही अटही आली.

राजकारणात या मुलांचे काय झाले? कमला हॅरिस १९६४ साली ओकलंडमध्ये जन्मल्या. आई तमिळनाडूची, बाप जमैकाचे, दोघेही शिकायला आलेले. त्या उपराष्ट्राध्यक्ष झाल्या, तरी २०२० साली त्यांच्या पात्रतेवर शंका काढणारे निघालेच. उलट पंजाबी आईबापांचे पुत्र, लुइझियानाचे गव्हर्नर बॉबी जिंदाल यांनी २०१५ साली बेकायदा आलेल्यांच्या मुलांचा हा हक्क काढावा असे म्हटले. आपण गाडीत चढलो की फलाटावरच्यांना जागा नाही म्हणणारे आम्ही लोकलमध्ये रोज पाहतो. आयर्लंडने तर २००४ च्या सार्वमताने हा सरसकट हक्क बंदच केला. त्याच देशाचे पंतप्रधान २०१७ साली लिओ वराडकर झाले, ज्यांचे वडील मालवणजवळच्या वराड गावचे. अर्थात त्यांची आई आयरिश, त्यामुळे त्यांना तो प्रश्न आलाच नसता.

माउलीला एवढे सारे सांगत बसलो नाही. आईबाप भारतीय आहेत, तेव्हा बाळ निराधार राहणार नाही. तेथील भारतीय वकिलातीत वर्षाच्या आत जन्म नोंदवायचा, मात्र दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला तर ही नोंद होत नाही, इतके समजावले. तिने पिशवीतून पेन काढले. "वर्षाच्या आत म्हणजे जन्मतारखेपासून ना, भाऊ?" असे विचारून तिने तेवढेच वहीत लिहून घेतले.