दुकान बुडाले, गाळा तरला

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सेतू खुला झाल्यापासून रायगडच्या किनाऱ्यावर एक वाक्य वारंवार कानी पडते : "एखादे मोठे दुकान इकडे आले, तर मुलांना नोकऱ्या लागतील." आपले काही साथीही ते बोलू लागले आहेत. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही, हिशेबाविषयी आहे. तो तपासण्यासाठी 'बिग बझार'चे काय झाले ते पाहावे, आणि सुरुवात लोअर परळच्या फिनिक्स मिलपासून करावी. अलिबाग-मुरूड-श्रीवर्धनकडच्या किती चुली गिरणगावच्या मनिऑर्डरीवर पेटत, हे या वाचकांना सांगावयास नको.

फिनिक्स ही १९०५ सालची कंपनी. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप मोडला, आणि मालकांना गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन अधिक मोलाची वाटू लागली. १९९१ च्या नियमावलीने अशा जमिनीचा मोठा हिस्सा मोकळ्या जागांसाठी व सार्वजनिक घरांसाठी राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. फिनिक्समध्ये तर कामगारांच्या करमणुकीच्या नावे परवानगी मिळवून बोलिंगचा खेळ थाटण्यात आला. ज्यांच्या करमणुकीचा हा कळवळा, त्यांतले कित्येक एव्हाना गावी परतून दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करीत होते!

याच आवारात बिग बझार आला. किशोर बियाणी यांनी ही साखळी २००१ मध्ये सुरू केली. २६ जानेवारी २००६ च्या 'सबसे सस्ता दिन'ला दुकानांपुढे उसळलेली गर्दी अनेकांना आठवत असेल. या व्यापाराचे अर्थशास्त्र साधे आहे. गिऱ्हाईक रोख देते, माल पुरवणाऱ्याला पैसे मागाहून मिळतात. मधल्या काळात तो पैसा आणि बँकांचे कर्ज यांवर नवी दुकाने निघतात. भाडे आणि व्याज मात्र विक्रीसाठी थांबत नाहीत. २०१२ मध्येच कर्जापायी 'पँटलून्स' बिर्लांच्या हाती द्यावे लागले होते. २०२० च्या टाळेबंदीने उरलेसुरले उघडे पाडले.

ऑगस्ट २०२० मध्ये रिलायन्सशी २४,७१३ कोटींचा सौदा जाहीर झाला. ॲमेझॉनने त्याला हरकत घेतली. खटले चालू असतानाच भाडे थकलेल्या कित्येक दुकानांचे भाडेपट्टे रिलायन्सने जागामालकांकडून आपल्या नावे करून घेतले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांचा ताबा घेण्यास प्रारंभ झाला. बँकांनी एप्रिलमध्ये सौदा फेटाळला खरा, पण तोवर गाळे हातचे गेले होते. पुढे अनेक ठिकाणी 'स्मार्ट बझार'ची पाटी लागली. जुलै २०२२ मध्ये बँक ऑफ इंडियाच्या अर्जावर फ्यूचर रिटेलची दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. २०२४ मध्ये कंपनी मोडीत काढण्याचा आदेश निघाला.

"उद्योगपतीही बुडालाच की," असे कोणी म्हणेल. बुडाला, पण मर्यादित जबाबदारीच्या होडीतून. नोकरांना सामावून घेण्याची तयारी रिलायन्सने दाखविली, हेही खरे; पण ती नव्या भाडेकरूची मर्जी होती, नोकरांचा हक्क नव्हे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कामगारांच्या २४ महिन्यांच्या देण्याला तारण असलेल्या धनकोंच्या बरोबरीचे स्थान आहे. इतर कर्मचाऱ्यांचा केवळ १२ महिन्यांचा पगार, तोही त्यानंतर. पापड-लोणची-कपडे उधारीवर पुरवणाऱ्या लहान कारखानदाराचा क्रम सरकारी देण्यांच्याही मागे लागतो. धनकोंच्या समितीत बँकांना मत असते, त्याला नसते. आणि बँकांचे जे बुडते, त्यात सरकारी बँकांतल्या तुमच्या-आमच्या ठेवी असतात.

२००८ मध्ये महामुंबई सेझच्या भूसंपादनावर पेण तालुक्यातील २२ गावांत शासनालाच जनमत घ्यावे लागले होते. तो सेझ उभा राहिला नाही. दुकानाच्या बाबतीत तेवढे तरी कोण विचारणार? म्हणून आपल्या नगरसेवकांनी आणि ग्रामपंचायत सदस्यांनी मोठ्या दुकानाच्या परवानगीचा ठराव येताच दोन मागण्या लावून धराव्यात : सहा महिन्यांच्या पगाराइतकी अनामत आधी बँकेत ठेवावी आणि स्थानिक पुरवठादारांचे पैसे ३० दिवसांत चुकते करण्याचा लेखी करार करावा. कायद्यात अशी अट बसत नाही असे अधिकारी सांगतील. तसे त्यांनी लेखी द्यावे, म्हणजे ते घेऊन विधानसभेच्या दारात जाता येईल.