धसका

भीतीच्या बाबतीत आपली मराठी भाषा मोठी श्रीमंत आहे. धाक, धास्ती, धडकी, धसका! एका ‘ध’च्या छायेत भीतीचे केवढे गोकुळ नांदते आहे! पण ही भावंडे एका स्वभावाची नव्हेत. धाक वडीलमाणसाचा, ते खोलीबाहेर गेले की तोही जातो. धडकी भरते आणि ओसरते. धसका मात्र माणूस ‘घेतो’, आणि एकदा घेतला की कारण निघून गेले तरी तो मनात बिऱ्हाड करून राहतो. १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी ज्या विकाराची ‘पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ या नावाने नोंद केली, त्याच्या फार जवळ जाणारा हा आपला घरगुती शब्द.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे गाढ झोपली होती. चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली आणि दगडमातीच्या जाड भिंती निजलेल्यांवर कोसळल्या. दहा हजारांच्या घरात माणसे गेली. जी वाचली त्यांतल्या कित्येकांना पुढे छपराखाली डोळा लागेना. ज्याने ऊनपाऊस अडवायचा ते घरच वैरी वाटू लागले! ही माणसे भित्री नव्हती. दुधाने तोंड पोळलेले त्यांचे मन ताकही फुंकून पीत होते, इतकेच.

पण धसक्याला भूकंपच हवा असे नाही. रस्त्यावरचा अपघात, आग, अत्याचार, घरातली नित्याची मारहाण, मुंबईच्या लोकलगाडीतले ११ जुलै २००६ चे स्फोट, यांपैकी काहीही पुरते. मग तो ओळखायचा कसा?

खुणा चार प्रकारच्या. पहिली, घडून गेलेले पुन्हापुन्हा घडणे: तीच दुःस्वप्ने, एखाद्या वासाने वा आवाजाने तोच प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहणे, अंगाला घाम फुटणे. दुसरी, टाळाटाळ: तो रस्ता नको, ती गाडी नको, तो विषयही नको. तिसरी, मन विटणे: आपल्या माणसांत असून परक्यासारखे वाटणे, कशात गोडी नसणे, ‘मीच का वाचलो?’ ही टोचणी. चौथी, सदैव पहाऱ्यावर असणे: झोप नाही, जरा खुट्ट झाले की दचकणे, क्षुल्लक कारणावरून संताप. लहान मुले हे बोलून दाखवीत नाहीत. ती तोच प्रसंग खेळात पुन्हापुन्हा मांडतात, आईचा पदर सोडीत नाहीत, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय त्यांना पुन्हा लागते.

आघातानंतर काही दिवस असे होणे स्वाभाविकच आहे. बहुतेक माणसे त्यातून सावरतात. पण महिना उलटला, तरी खुणा हटत नाहीत आणि कामधंदा व संसार विसकटू लागला, तर ते दुखणे समजावे. कधी कधी त्या काही महिन्यांनी डोके वर काढतात.

आणि नेमके इथेच आपले घर चुकते. आपण म्हणतो, ‘झाले गेले विसर, मन घट्ट कर.’ कुणी दृष्ट काढते, कुणी ‘नाटके पुरे’ म्हणून मोकळे होते, आणि तो बिचारा झोपेसाठी दारू जवळ करतो. मोडलेल्या हाताला कुणी ‘घट्ट हो’ म्हणते का? खोदून खोदून विचारणेही बरे नव्हे. तो बोलेल तेव्हा ऐकावे, गप्प राहील तेव्हा शेजारी बसावे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याच्या सोबतीने जावे. त्या आठवणीला धीराने सामोरे जाण्यास शिकविणारे उपचार आहेत, औषधेही आहेत, आणि पुष्कळांना गुण येतो. सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र मिळते. जीव नकोसा झाल्याची भाषा ऐकू आली तर मात्र एक दिवसही थांबू नये.

दिवाळीत अंगणात फटाक्यांची माळ धडाडेल तेव्हा घरातले एखादे माणूस कानांवर हात ठेवून आतल्या खोलीत जाईल. त्याला हसू नका. उरलेली माळ तशीच ठेवा आणि फराळाचे ताट घेऊन त्याच्याजवळ जा. सण तिथेही होतो.